ड्रॅगन दोन राउंडमध्ये आडवा, सावल्यांनी मात्र जीव घेतला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा गोष्टीचा खेळ), पाचवी आवृत्ती, पुस्तकं २०१४ची, चार खेळाडू (फायटर म्हणजे योद्धा, रोग म्हणजे चोरटा, विझार्ड म्हणजे जादूगार, बार्ड म्हणजे मंत्र जाणणारा गवई), सगळे पाचव्या लेव्हलला. सहा महिने तुम्ही डीएम, म्हणजे खेळ चालवणारे, आहात. मोठ्या हौसेने तरुण ग्रीन ड्रॅगन आणलात, सीआर (पुस्तकाने शत्रूला दिलेला अवघडपणाचा आकडा) ८चा, आणि पोरांनी तो दोन राउंडमध्ये आडवा केला (एका राउंडला प्रत्येकाला एक टर्न, म्हणजे पाळी). पुढच्या शनिवारी शहाणपणा करून पुस्तकातल्या अवघडपणाच्या कोष्टकात 'मीडियम' येईल असं काहीतरी दिलंत: पडक्या देवळाच्या तळघरात आठ शॅडो, म्हणजे भुताच्या सावल्या. त्यात विझार्ड मेला, बाकीचे तिघे कसेबसे जिन्यावरून वर आले. विझार्डवाला मित्र अजून तोंड फुगवून बसलाय. हिशोब कुठे चुकला, आणि लढाई रंगात असताना पडद्याआड शत्रूचे एचपी (तो किती मार सोसेल तो आकडा) कमीजास्त केले तर चालतं का, असं विचारताय.

हिशोब चुकलेला नाही, मी परत मांडून पाहिला. पाचव्या लेव्हलच्या एका पात्रामागे ईझी २५०, मीडियम ५००, हार्ड ७५०, डेडली ११०० एक्सपी (शत्रूंना दिलेले गुण). चौघांचे झाले १०००, २०००, ३००० आणि ४४००. ड्रॅगन ३९००चा, म्हणजे हार्डच्या वर आणि डेडलीला जरा कमी. शॅडो १००ची एक, आठांचे ८००, सात ते दहा शत्रू असले की अडीचपट, झाले २०००. काटेकोर मीडियम. २०२४च्या नव्या पुस्तकात तर ही संख्येची पट काढूनच टाकली आहे. तिथे तुमच्या आठ शॅडो ८००च्याच राहतात आणि सगळ्यात खालची पायरीच चौघांना २०००ची आहे. म्हणजे नव्या कोष्टकाच्या लेखी तुम्ही मित्राला जेमतेम गुदगुल्या केल्यात.

दोन्ही वेळा बेरीज बरोबर आणि दोन्ही वेळा निकाल उलटा. कोष्टकाला शत्रूचा दणका कळतो, त्याची संख्या कळते. कोणाला किती टर्न मिळणार आणि त्या घडीला पार्टीच्या, म्हणजे खेळाडूंच्या टोळीच्या, खिशात काय शिल्लक आहे, हे त्याला दिसत नाही. माझ्या टेबलावर अडचण ठरते ती याच दोन गोष्टींवर. मी २०१५पासून पुण्यात डीएमगिरी करतोय, आणि एन्काउंटर (आखलेली लढाई) फसला असेल तर दहापैकी नऊ वेळा फसण्याचं कारण यातच सापडलंय.

आधी ड्रॅगन. त्याचे एचपी १३६, एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १८. तुमच्या बार्डने पहिल्याच टर्नला फेअरी फायर (शत्रूला उजळवणारा मंत्र) टाकला असं लिहिलंय. ड्रॅगनचा डेक्स्टेरिटी सेव्ह (मंत्र चुकवायचा फासा) अधिक ४, तुमच्या बार्डचा डीसी (त्या फाशाने गाठायचा आकडा) १५ धरला तर शक्यता निम्मी-निम्मी. तो फसला. तरुण ड्रॅगनला लेजेंडरी रेझिस्टन्स (फसलेला सेव्ह जमला असं धरायची सोय) नसतो, तो प्रौढ झाल्यावर येतो, त्यामुळे फसला तो फसलाच. आता सगळ्यांना ऍडव्हांटेज, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा. फाशात ७ मिळवून एसी १८ गाठायची शक्यता ५० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेली. फायटरने ऍक्शन सर्ज (एका टर्नमध्ये जादा ऍक्शन) काढला, ग्रेटसोर्डचे चार वार, एकेक सरासरी ११चा. रोगचा स्नीक अटॅक (संधी साधून केलेला जादा घाव) धरून १९. विझार्डने तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटने (मंत्र टाकायच्या दिवसभराच्या मोजक्या संधींतली एक) स्कॉर्चिंग रे मारला, चार किरण, सगळे लागले तर २८. या सगळ्याला ७५ टक्के लावा, ऍडव्हांटेजमुळे वाढलेले क्रिटिकल (फाशावर २० आला की जादा नुकसान) मिळवा. पहिल्या राउंडला ७५च्या आसपास जातात. दुसऱ्याला ऍक्शन सर्ज नाही, पण विझार्डकडे तिसऱ्या लेव्हलचा दुसरा स्लॉट आहे, म्हणून ५७च्या आसपास. बेरीज १३२. फाशांनी जराशी साथ दिली की ड्रॅगन गेला. तुम्ही काही वेंधळेपणा केला नाहीत, सरासरीच ती आहे.

याच दोन राउंडमध्ये ड्रॅगनला टर्न किती मिळाले? दोन. पार्टीला आठ, वर ऍक्शन सर्जचा एक. लपाछपीत राज्य आलेल्या पोराची जी गत होते तीच एकट्या बॉसची होते: बाकी सगळे मोकळे, धावपळ याची एकट्याची. इंग्रजीत याला ऍक्शन इकॉनॉमी म्हणतात. मी नव्या डीएमना एवढंच सांगतो, कागदावर दोन उभ्या रेघा मारा आणि दोन्ही बाजूंचे टर्न मोजा. एका बाजूला दुपटीहून जास्त दिसले की सीआर विसरून जा.

यातली दुसरी गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मी पैजेवर सांगतो: ड्रॅगन ही त्या दिवसाची एकमेव लढाई होती. पोरं सकाळी लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती, जिने एचपी आणि स्लॉट भरून येतात) घेऊन ताजीतवानी निघाली, जंगलात थोडं बोलणंचालणं झालं आणि थेट गुहा. बरोबर ना? २०१४चं पुस्तक गृहीत धरतं की दोन लाँग रेस्टच्या मध्ये सहा ते आठ मीडियम किंवा हार्ड एन्काउंटर होतील. पाचव्या लेव्हलला एका पात्राचं दिवसाचं बजेट ३५०० आहे, चौघांचं १४,०००. तुमचा ड्रॅगन ३९००चा, म्हणजे दिवसाच्या बजेटचा पाव हिस्सा आणि वर थोडंसं. पगार झाला त्याच संध्याकाळी वाण्याचं बिल भरायला कोणाला जड जातं? महिनाअखेर गाठून तेच बिल पुढे केलं असतंत तर ऍक्शन सर्ज संपलेला, तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट गेलेले, फायटर तीस एचपीवर. त्या वेळी हाच ड्रॅगन सीआर ८चा वाटला असता.

एका दिवसात आठ लढाया कोण खेळतं, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही खेळत नाही. शनिवारी चार तास मिळतात, त्यातला अर्धा तास पोहे आणि चहात जातो, एखादा ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस पाऊण तास उशिरा येतो. एका सेशनमध्ये दोन लढाया झाल्या तरी खूप. यावर उपाय म्हणजे सेशन संपलं की दिवस संपला ही सवय मोडायची. आमच्या टेबलावर सेशन संपताना सगळे आपल्या कॅरेक्टर शीटचा (पात्राच्या आकड्यांच्या कागदाचा) फोटो ग्रुपवर टाकतात, एचपी किती, स्लॉट किती. पुढच्या शनिवारी तिथूनच सुरुवात. एक 'दिवस' कधी कधी तीन शनिवार चालतो. पहिल्यांदा कुरकुर झाली, कारण सगळ्यांना दर वेळी भरलेल्या खिशाची सवय होती. आता विझार्ड खेळणारा फायरबॉल टाकण्याआधी दोनदा विचार करतो.

आता शॅडो. इथे मला खरंतर तुमच्यापेक्षा पुस्तकाचाच राग येतो. शॅडोचा सीआर १/२, एचपी १६, एसी १२. कागदावर किरकोळ प्राणी. पण तिच्या प्रत्येक फटक्याने १डी४ (चार बाजूंच्या एका फाशावर येईल तेवढी) स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकद, कमी होते आणि स्ट्रेंग्थ शून्यावर गेली की माणूस मरतो. बेशुद्ध नाही, डेथ सेव्ह (जीव वाचवायचा फासा) नाही, थेट मरतो. एचपी किती उरलेत याला काही किंमत नाही. तुमच्या विझार्डची स्ट्रेंग्थ ८ (आणि विझार्डची स्ट्रेंग्थ कोण वाढवतं?). तीन फटक्यांत बेरीज ८ किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता ६४पैकी ३२, बरोबर निम्मी. मेज आर्मर (चिलखताचा मंत्र) नसेल तर त्याचा एसी १३, शॅडोचा वार अधिक ४ने, म्हणजे पाचपैकी तीन लागणार. पाच शॅडोंनी एका राउंडला त्याला घेरलं तर त्याच राउंडला त्याचं मरण नाणेफेकीवर येतं. तीन फटक्यांचं एचपीचं नुकसान सरासरी २७. त्याचे एचपी ३२ असतील तर अंगात पाच एचपी शिल्लक असताना तो मेला. मित्र का चिडला ते मला कळतं. त्याला वाटलं असणार, अजून मी पडलोसुद्धा नाही, मग मेलो कसा?

आणि त्याने काही चूकही केली नव्हती. तुम्ही लिहिलंय की पहिल्या टर्नला त्याने फायरबॉल टाकला आणि एकही शॅडो मेली नाही, म्हणून सगळे गडबडले. फायरबॉल ८डी६, सरासरी २८. शॅडोला आगीचा रेझिस्टन्स (निम्माच मार लागतो) आहे, म्हणून लागले १४. तिचे एचपी १६. दोन एचपीने वाचल्या! जिने सेव्ह केला तिला तर ७च. रोगचा खंजीर जादूचा नाही, तोही निम्माच लागला. म्हणजे पार्टीची दोन मोठी हत्यारं बोथट, समोर आठ टर्न, अंधार, वर जाण्याचा एकच जिना. याला मीडियम म्हणणारं कोष्टक कसं वाचायचं ते आता तुम्हीच ठरवा.

पण थांबा. याच टेबलावर बार्डच्या जागी क्लेरिक (देवाचा पुजारी) असता तर काय झालं असतं? पाचव्या लेव्हलच्या क्लेरिकचा टर्न अनडेड (भुताखेतांना पळवून लावायची शक्ती) नुसतं पळवत नाही, सीआर १/२पर्यंतच्या मृतात्म्यांना नष्टच करतो. तीस फुटांत ज्या आहेत त्या सगळ्यांना विझडम सेव्ह. शॅडोचा बोनस शून्य, डीसी १५ धरला तर ७० टक्के फसतात. आठातल्या पाच-सहा एका ऍक्शनमध्ये राख. तेच तळघर, त्याच शॅडो, तोच २०००चा आकडा, आणि लढाई पहिल्या राउंडला संपली असती. मग तुम्ही मला 'फार सोपं झालं' म्हणून लिहिलं असतंत. एन्काउंटर ठरवताना मी म्हणून आधी राक्षसांचं पुस्तक उघडत नाही, ग्रुपवरचे शीटचे फोटो उघडतो. एकेका शत्रूपुढे एकच प्रश्न लिहितो: याच्यावर या चौघांतल्या कोणाचं काय चालतं? उत्तर 'काहीच नाही' असेल तर तो शत्रू येतो, पण एकटा-दुकटा, आणि त्याची चाहूल आधी लागते. शॅडोच्या बाबतीत तळघराच्या वर एक प्रेत ठेवलं असतंत, अंगावर जखम नाही, हातपाय वाळलेल्या काटक्यांसारखे, जवळ पेटलेली पण विझत आलेली मशाल, तर तुमचा विझार्ड रांगेत मागे राहिला असता. शॅडोला उन्हात डिसऍडव्हांटेज (दोन फाशांतला लहान आकडा धरायचा) असतो. तळघराच्या छताला एक फट, पहाट व्हायला थोडा वेळ, आणि पोरांना वेळ काढायचा आहे हे त्यांना कळलेलं. चार शॅडो पुरल्या असत्या.

माझाही एक किस्सा सांगतो, म्हणजे मी वरून उपदेश करतोय असं वाटायला नको. काही वर्षांपूर्वी पाच जणांची पार्टी, दुसरी लेव्हल. सहा लांडगे ठेवले होते. एकेक ५०चा, ३००, दुप्पट ६००. पाच जणांना मीडियम ५०० आणि हार्ड ७५०, म्हणजे आरामात मीडियम. गणपतीचे दिवस. आयत्या वेळी दोघं कोकणात गावी गेले. तिघं आले. 'चला, खेळूया' म्हणालो आणि सहाच्या सहा लांडगे तसेच सोडले. तिघांना डेडली ६००ला लागतं. लांडगे कळपाने असले की एकमेकांमुळे ऍडव्हांटेज मिळवतात. एसी १५ला त्यांचे पाऊण वार लागतात, एकेक सरासरी ७चा, वर खाली पाडतात ते वेगळं. राउंडला तीसेक एचपी. तिघांचे मिळून एचपी बावन्न. दुसऱ्या राउंडनंतर मी फासे उचलायचे थांबलो. रविवारी गावी गेलेल्यांपैकी एकाने फोन करून विचारलं, "काय रे, आमच्याशिवाय काय केलंत?" सांगायला मला पाच मिनिटं लागली. दोन माणसं कमी झाली तर शत्रूही त्या प्रमाणात कमी करायचे, ही गोष्ट कोष्टकात लिहिलेली आहे. पण शनिवारी साडेचार वाजता दारात चपला कमी दिसतात तेव्हा कोष्टक कोण उघडतं?

पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला तर हिशोबावर फार भरवसा ठेवूच नका. २०१४च्या स्टार्टर सेटमधलं साहस, लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर, सुरू होतं ते रस्त्यावरच्या घातपाताने: दोन मेलेले घोडे, झुडपांत चार गोब्लिन, म्हणजे खुजे लुटारू राक्षस. ५०चे चार, २००, दुप्पट ४००. पहिल्या लेव्हलच्या चौघांचा डेडलीचा आकडा नेमका ४००. नवख्यांच्या हाती दिलेल्या साहसाची ही पहिली लढाई! गोब्लिनचा वार अधिक ४ने, सरासरी साडेपाच. एसी १२च्या, आठ एचपीच्या विझार्डवर चौघांनी रोख धरला तर राउंडला पंधरा. मला या लढाईतली आवडलेली गोष्ट वेगळी आहे. पार्टी हरली तर काय, हे त्या पुस्तिकेत लिहून ठेवलंय: गोब्लिन त्यांना बेशुद्ध सोडून गाडी लुटून निघून जातात. हरण्यालाही पुढचं पान आहे. तुमच्या तळघरात ते पान नव्हतं. शॅडो बोलत नाहीत, कैदी धरत नाहीत, लुटत नाहीत, हरलात की मेलात. असे शत्रू मी वर्षातून एकदाच काढतो.

शत्रू पळतात का, हाही याच गाठीचा दुसरा धागा. डी अँड डीच्या १९८१च्या बेसिक नियमांत प्रत्येक प्राण्याला मोराल (धीर) नावाचा आकडा होता. बाजूचा पहिला मेला की आणि निम्मे पडले की डीएम सहा बाजूंचे दोन फासे टाकायचा, बेरीज आकड्यापेक्षा जास्त आली की शत्रू माघार घेतात. गोब्लिनचा आकडा साधारण ७. म्हणजे पहिला साथीदार पडताच ४२ टक्के वेळा टोळी काढता पाय घेणार. पाचव्या आवृत्तीत हे मागच्या पानांत ऐच्छिक नियम म्हणून पडलंय आणि कोणी वापरत नाही, म्हणून आपल्याकडचा प्रत्येक गोब्लिन खिंड लढवणारा बाजीप्रभू होतो. मी जुना नियम तसाच वापरतो, फासे सगळ्यांसमोर टाकतो. लढाया आखूड झाल्या, आणि पळालेला गोब्लिन पुढच्या शनिवारी कामाला येतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पडद्याआडचे एचपी. इथे माझं मत ठाम आहे आणि सगळ्यांना पटत नाही. लढाई सुरू झाल्यावर एचपीला हात लावू नका.

मी लावायचो. एक ओगर (धिप्पाड राक्षस) होता, एचपी ५९. पोरांनी फार लवकर मारायला घेतला म्हणून मी मनात वाढवत गेलो. आमच्यात एक मुलगी होती, सीए करत होती, हिशोबाच्या वहीत प्रत्येक शत्रूला रकाना करून लागलेलं नुकसान लिहायची. मला वाटायचं सवय असेल. ओगर पडल्यावर तिने पेनची टोपी लावली आणि विचारलं, "दादा, मागच्या महिन्यातला ओगर ६१ला गेला होता. हा ९६ला गेला. ७डी१० अधिक २१चे जास्तीत जास्त ९१च होतात ना?" टेबलावर कोणी काही बोललं नाही. रोग खेळणाऱ्याने आपला फासा डबीत ठेवून दिला. पुढचे दोन-तीन शनिवार त्यांच्या खेळातली धार गेली, कारण आपण काय केलं तरी दादा ठरवेल तेव्हाच शत्रू मरणार, हे त्यांना कळलं होतं.

त्यानंतर मी पळवाट म्हणून नाही, पद्धत म्हणून तेच फासे वापरायला लागलो. पुस्तकातला ५९ ही सरासरी आहे, ओगर २८चाही असू शकतो आणि ९१चाही. तुमचा ड्रॅगन १६डी१० अधिक ४८, म्हणजे ६४पासून २०८पर्यंत. हा आकडा इनिशिएटिव्ह (कोणाची पाळी आधी ते ठरवणारा फासा) टाकायच्या आधी ठरवा, कागदावर लिहा, कागद पालथा टेबलावर ठेवा. लढाई संपली की उलटून दाखवा. पोरांना ते फार आवडतं.

लढाई चालू असताना फिरवायला दुसऱ्या कळा आहेत आणि त्या आधीच लावून ठेवता येतात. कुमक त्यातली एक. तिसऱ्या राउंडच्या शेवटी कोबोल्डांची (सरड्यासारख्या छोट्या जीवांची) दुसरी तुकडी येणार, पण पार्टीने वरचं दार लावून घेतलं तर नाही येणार, हे आधी लिहून ठेवलेलं. लढाई सोपी जात असेल तर ती येते, जड जात असेल तर दाराकडे धाव घ्यायची वाट खुली आहे. शत्रूचं उद्दिष्ट ही दुसरी. प्रत्येक शत्रूला पार्टीला मारायचंच असतं असं नाही. पूल तोडायचा असेल, घंटा वाजवायची असेल, ओलीस ठेवलेला मुलगा घेऊन पळायचं असेल. असं असलं की पार्टी जिंकूनही हरू शकते आणि कोणाला मारावं लागत नाही. माझ्या मते हीच सगळ्यात चांगली कळ, कारण तिला सीआरच नाही.

पाथफाइंडर या अशाच वेगळ्या खेळाची दुसरी आवृत्ती खेळणारा एखादा तुम्हाला सांगेल की आमच्याकडे हे सगळं करावं लागत नाही. त्यात तथ्य आहे. तिथे चौघांना मॉडरेटचं बजेट ८०, सिव्हिअरचं १२०, पार्टीच्याच लेव्हलचा प्राणी ४०ला, आणि आकडे खरोखर जुळतात, कारण लेव्हल प्रत्येक गोष्टीत मिसळलेली असते आणि लढायांच्या मध्ये पार्टी बरी होऊन येते असं धरलेलं असतं. डी अँड डीच्या चौथ्या आवृत्तीतही एका खेळाडूमागे एक साधा शत्रू असा सरळ हिशोब होता, आणि एका एचपीचे मिनियन ही तर सोन्यासारखी कल्पना. पाचवीत मी ते अजून चोरून वापरतो. पण सिस्टिम बदला असं मी तुम्हाला सांगणार नाही. टेबल जमलंय, ते मोडू नका.

पुढच्या सेशनला हे करून पाहा. आधीच्या दोन-तीन लढाया आठवून तुमची पार्टी राउंडला सरासरी किती नुकसान करते ते काढा. समजा ४५. मोठा दारूगोळा काढला तर ७५. तुम्हाला लढाई चार राउंड चालायला हवी असेल तर समोरच्या सगळ्यांचे मिळून एचपी १८०च्या जवळपास हवेत. मग उलट बाजू: शत्रू राउंडला किती करतात, गुणिले चार, ते पार्टीच्या एकूण एचपीच्या निम्म्याच्या वर आणि पाऊणच्या खाली बसतंय का ते बघा. हा माझा अंदाजपंचे नियम आहे, पुस्तकात नाही, पण वह्यांमागून वह्या भरल्यावर तो तिथे येऊन थांबलाय.

ड्रॅगन परत आणायचाच असेल तर तो नको, त्याची आई आणा. नाही, गंमत केली, तोच सीआर ८चा तरुण ड्रॅगन, वेगळ्या पद्धतीने. त्याला ८० फूट उडता येतं, जमिनीवर उभं राहून मार खायची त्याला काही गरज नाही. पहिल्या टर्नला झाडांवरून खाली येऊन विषाचा श्वास, १२डी६, सरासरी ४२, कॉन्स्टिट्यूशन सेव्ह डीसी १४, आणि परत वर. श्वास परत यायला सहा बाजूंच्या फाशावर ५ किंवा ६ लागतो, तोवर तो नुसता घिरट्या घालतो आणि बोलतो. ग्रीन ड्रॅगन बोलका असतो, खोटारडाही. खाली सहा कोबोल्ड, एकेक पाच एचपीचा. त्यांच्या हातात जाळी आणि दोर द्या, मारामारी नको. बजेटमध्ये १५०ची भर, टर्नमध्ये सहाची. आणि गुहेपर्यंत पोचायच्या आधी दोन छोट्या लढाया, मध्ये एक शॉर्ट रेस्ट, लाँग रेस्ट नाही. पडू लागला तर ड्रॅगन पळून जाईल हेही आत्ताच लिहून ठेवा: एचपी ४०च्या खाली गेले की तो निघाला. पोरांनी त्याला अडवायची काही शक्कल काढली तर काढू द्या.

राहिला विझार्ड. शॅडोने मारलेला माणूस दुष्ट नसेल तर १डी४ तासांनी त्याच्या प्रेतातून नवी शॅडो उठते. म्हणजे तुमच्या मित्राचा विझार्ड आत्ता त्याच तळघरात आहे, सावली होऊन. पार्टीला ती परत भेटू शकते. मोठ्या गावातल्या देवळात रेझ डेड (मेलेल्याला उठवणं) करणारा पुजारी असेल, पाचव्या लेव्हलचा मंत्र आहे, ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो आणि मेल्यापासून दहा दिवसांच्या आत. त्यासाठी आधी प्रेत वर आणावं लागेल आणि प्रेताजवळ कोण बसलंय ते आपल्याला माहीत आहे. पण हे परस्पर ठरवू नका. त्याला फोन करा, आधी कबूल करा की शॅडो आठ नको होत्या, चार पुरल्या असत्या, आणि मग विचारा की त्याला जुना विझार्ड परत हवाय की नवं पात्र. नवं हवं असेल तर क्लेरिकचं शीट तयार ठेवा.